काचेच्या कडेचं कुंकू

मला एका जागी बसवत नाही. अव्वा, म्हणजे माझी आई, म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी बांधलीय. आता साठी उलटली, गुडघे कुरकुरतात, तरी सकाळची कॉफी मी उभ्यानंच पिते आणि पिता पिता म्हैसुरातल्या जयलक्ष्मीपुरमच्या आमच्या लहानशा घरात स्वयंपाकघर ते व्हरांडा अशा येरझाऱ्या घालते. तेवढ्यानंही जीव थाऱ्यावर आला नाही, की लोखंडी कपाटाचा मधला खण उघडते. त्यात माझी घड्याळं आहेत.

सगळी मनगटावरची, सगळी जुनी, सगळी रोज चावी द्यावी लागणारी. स्वित्झर्लंडहून आलेली, बरीचशी सोन्याची. ज्या काळात असं घड्याळ हातावर दिसलं की समोरचा माणूस खुर्ची पुढे करायचा, त्या काळातली. जाणकार सांगतात, जुन्या यंत्राला रोज चावी देऊ नये, झीज होते. मला ते पटतं आणि तरी मी सगळ्यांना चावी देते. बंद घड्याळ समोर असलं की मला कोणी तरी बोलता बोलता गप्प झाल्यासारखं वाटतं. वेळ मात्र कुणाचीच लावत नाही. प्रत्येक आपापल्या वेळेनं चालतं.

पुरुषांची घड्याळं बाईमाणसानं जमवावीत, याचं लोकांना फार नवल. दुकानदार हटकून विचारायचे, "यजमानांसाठी का?" सुरुवातीला मी चिडून खरं सांगायचे. मग कळलं की "हो" म्हटलं की पुढचे प्रश्न बंद होतात आणि घड्याळ लवकर हातात येतं. मग मी खुशाल "हो" म्हणू लागले. ज्या यजमानांना सोडून मी आले होते, त्यांच्या नावावर इतकी घड्याळं पाहिली, की त्यांना कळलं असतं तर लाजच वाटली असती.

एक गोष्ट या नादात फार लवकर लक्षात आली. म्हैसुरात जुनं भारी घड्याळ सापडलं, की ते बहुतेक जावयाचं असतं. लग्नात सासऱ्यानं जावयाच्या मनगटावर घड्याळ बांधायचं, ही रीत इथल्या कन्नड घरांत होती आणि पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांतही होती. ऐपत असो नसो, घड्याळ हवं. आणि त्यातली काही घड्याळं अगदी कोरी निघतात. पट्ट्याला एकसुद्धा सुरकुती नाही. जमवणारे अशा कोऱ्या घड्याळावर जीव टाकतात. मी हातात घेते आणि मला पहिला प्रश्न पडतो, की हे घातलं का नसेल? मानपानावरून काही बिनसलं होतं का? मग मला ते घड्याळ नकोसं होतं. मला घासलेली, ओरखडलेली, घामानं पट्टा काळा पडलेली घड्याळं आवडतात.

पण हा सगळा पसारा ज्या एका घड्याळापायी मांडला, ते माझ्या अप्पांचं होतं.

माझे आजोबा जुन्या म्हैसूर संस्थानाच्या घोडदळात स्वार होते. आमचं सगळं कुळच तसलं. कधीकाळी तलवारी घेऊन इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलायचे, पण त्यातले निम्मे शब्द कन्नड. संस्थान गेलं, घोडे गेले, आजोबांकडे चांदीच्या मुठीची एक तलवार राहिली. मग राज्यांची फेररचना झाली, म्हैसूर राज्य मोठं झालं, कचेऱ्यांत नव्या जागा निघाल्या आणि अप्पांना पाटबंधारे खात्यात कारकुनी मिळाली. कचेरीत वेळेवर पोचायचं, तर घड्याळ हवं. आजोबा एक दिवस तलवार फडक्यात गुंडाळून घेऊन गेले आणि येताना सोन्याचं स्विस घड्याळ घेऊन आले. म्हणाले, "आता तुझी लढाई ह्याच्यावर."

हे मी अव्वाकडून ऐकलंय. आजोबा मला आठवत नाहीत. घड्याळ मात्र बारीकसारीक आठवतं. साईच्या रंगाची तबकडी, पानासारखे निमुळते काटे, सहाच्या जागी एक छोटं वर्तुळ आणि त्यात तुरुतुरु फिरणारा सेकंदकाटा. अप्पा जेवताना ते काढून पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवायचे, आणि मी ताटावरून उठून त्याला कान लावून यायचे. एका बैठकीत जेवले असं मला आठवतच नाही.

तलवार गेली तरी खंडेनवमी राहिलीच. शस्त्रं पुजायचा तो दिवस. इथं त्याला आयुधपूजा म्हणतात आणि त्या दिवशी म्हैसुरात सायकलपासून बसपर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा पडतात. आमच्याकडे पाटावर मधोमध तलवार असायची. ती गेल्यावर त्या जागी अव्वानं घड्याळ मांडलं. बाजूला विळी, अप्पांची कचेरीतली रूळपट्टी, तिचं शिवणयंत्र. आणि तलवारीला लावत आली तसंच ती घड्याळालाही लावायची, म्हणजे ओलं कुंकू, बोट भरून, काठापासून काठापर्यंत. तलवारीला काय, पुसलं की झालं. घड्याळाचं तसं नव्हतं. दर वर्षी अप्पा पाटासमोर बसल्या बसल्या कळवळून सांगायचे, "कडेला नको ग, आत उतरतंय."

"देवाला अर्धवट लावतात होय?" अव्वा म्हणायची आणि पुढचं बोट बुडवायची.

एका वर्षी खरंच उतरलं. काचेच्या कडेनं आत गेलं आणि आठाच्या आकड्याजवळ मोहरीपेक्षाही बारीक असा लाल ठिपका तबकडीवर बसला. अप्पा दोन दिवस घुम्म होते. मग हळूहळू तो ठिपका घड्याळाचाच झाला. घड्याळ घातलं की अप्पांचा अंगठा काचेवरून त्या ठिपक्यापाशी जायचा, उगाच. पुढच्या वर्षी अव्वानं पुन्हा ओलंच कुंकू लावलं आणि अप्पा पुन्हा तेच म्हणाले.

माझं लग्न ठरलं ते बेंगळुरूच्या, आमच्याच जातीतल्या घरात. मुलगा इंजिनिअर. अप्पांनी जावयासाठी आपल्याकडेच बनलेलं, चांगलं, नवं घड्याळ आणलं होतं. वरपूजेच्या वेळी मुलाच्या मामांनी ते डबीतून उचललं, उलटंपालटं केलं आणि हसत हसत म्हणाले, "हे हितलंच की. फॉरिन मिळालं न्हाई वाटतं?"

अप्पाही हसले. मग त्यांनी सावकाश आपल्या मनगटावरचं बक्कल सोडलं आणि स्वतःचं घड्याळ जावयाच्या हातावर बांधलं. नवं होतं ते त्यांनी नवरदेवाच्या धाकट्या भावाच्या हातात ठेवलं. मी शालू नेसून आतल्या दारात उभी होते. मला धावत जाऊन ते ओढून घ्यावंसं वाटलं. पण नवरी धावते कुठे? पुढचे सगळे विधी मी होमाच्या धुरातून अप्पांचं मनगट बघत काढले. पट्ट्याखालची कातडी पांढरी राहिली होती. अक्षता टाकायला हात वर झाला, की तेवढाच पट्टा उजळून दिसायचा.

आमचं जमलं नाही. त्याची कारणं सांगत बसायचा मला कंटाळा आहे. माणूस वाईट होता असं म्हणवत नाही, आणि चांगला होता असं म्हणायची इच्छा नाही. काही वर्षांनी मी ट्रंक घेऊन परत आले, इथल्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागले. दोन्हीकडची वडीलमंडळी आमच्या पुढच्या खोलीत बसली. भांडी परत आली, साड्या परत आल्या, दागिन्यांची देवघेव झाली. सगळं शांतपणे, कॉफी पीत पीत. नवराही आला होता. त्यानं पेला उचलला तेव्हा बाही मागे सरली आणि मला घड्याळ दिसलं. मी बोलायला तोंड उघडलं, तर शेजारी बसलेल्या अप्पांनी माझा हात घट्ट दाबला.

मंडळी गेल्यावर मी भांडले. "अप्पा, तुमचं घड्याळ गेलं की!"

"माझं कुठलं? दिलं न्हवं का मी? दिलेलं मागायचं नसतं, पोरी. त्यांच्या हातावर हाय, चालतंय. साकु."

साकु म्हणजे पुरे. अप्पांनी साकु म्हटलं की विषय संपायचा. तो त्यांच्यापुरता संपला. माझा तिथून सुरू झाला. कारण त्यानंतर अप्पांनी दुसरं घड्याळ घातलंच नाही. "कचेरी संपली, आता कशाला," म्हणायचे, आणि दिवसातून कितीदा तरी डाव्या मनगटाकडे बघून मान फिरवायचे. अव्वाला वेळ विचारायचे. अव्वा गेल्यावर मला विचारायला लागले. मी सांगायचे आणि आतल्या आत जळायचे. आणि अव्वा गेल्यापासून मला तो ठिपका जास्तच छळायला लागला. तिचा फोटो होता, तिचं शिवणयंत्र होतं, पण तिचं बोट उठलेलं असं काही माझ्याकडे नव्हतं. ते कुणाच्या तरी मनगटावर बेंगळुरूत फिरत होतं.

म्हणून मी तसंच दुसरं शोधायला लागले. निदान तसंच दिसणारं. रविवार उजाडला की माझे पाय घरात ठरायचे नाहीत. अशोका रोडवरची दुरुस्तीची दुकानं, देवराज मार्केटमागचे जुनं सोनं घेणारे मोडवाले, हुणसूरकडचे कॉफीचे मळेवाले, जिथं जुनं घर विकायला निघालं तिथं मी हजर. पहाटेच्या गाडीनं बेंगळुरूला जाऊन संध्याकाळी परत. सोमवारी वर्गात मुलींना संयुगं शिकवताना मी त्यांच्या वडिलांच्या मनगटांचा विचार करत असे. पालकसभेत मी कुणाच्या तोंडाकडे बघितल्याचं मला आठवत नाही.

सापडलेलं घड्याळ मी अप्पांच्या हातात द्यायचे. ते व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून डोळे मिटायचे, घड्याळ कानाला लावायचे, थोडं ऐकायचे आणि परत द्यायचे.

"चांगलं हाय. पण ते न्हवं."

"ते नाहीच, अप्पा. त्याच्यासारखं आहे. घाला की."

"तू ठेव."

मी ठेवायचे. असं करत खण भरला. आणि खरं सांगायचं तर, मध्येच कुठं तरी मला त्याची चटक लागली. नवं काही मिळेपर्यंत तगमग, मिळालं की दोन दिवस आनंद, तिसऱ्या दिवशी पुन्हा तगमग. मैत्रिणी म्हणाल्या, तू सोनं जमव, निदान कामाला येईल. मी म्हटलं, सोनंच आहे की, फक्त ते टिकटिक करतं. त्या हसल्या, मीही हसले, आणि पुढच्या रविवारी पुन्हा बाहेर पडले.

येलवालला एक दातांचे डॉक्टर होते. हुणसूर रस्त्याला आंब्याची बाग, बागेत घर, आणि घरात माझ्यासारखाच रोग. आम्ही एकमेकांशी घड्याळांची अदलाबदल करायचो. त्या रविवारी मी स्कूटरवरून गेले, तर त्यांनी नव्या आलेल्यांचा ट्रे पुढे ठेवला. कन्नडात म्हणाले, "हे डावीकडचं पाहू नका, डायल खराब आहे. मशीन उत्तम. डायल मुंबईला पाठवतोय, रंगवून नवं करून देतात."

मी डावीकडचंच उचललं. साईच्या रंगाची तबकडी. पानासारखे काटे. सहाच्या जागी छोटं वर्तुळ. आणि आठाच्या जवळ लाल ठिपका.

मी उठून उभी राहिले. टेबलाला वळसा घालून खिडकीपाशी गेले, परत आले. डॉक्टरांना माझी सवय ठाऊक होती, त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

"गंज उतरलाय आत," ते म्हणाले.

तो गंज नव्हता. हळद, चुना आणि माझ्या अव्वाचा हट्ट होता. पण हपापलेपण दाखवलं की सौदा हातचा जातो, एवढं इतक्या वर्षांत शिकले होते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुणाचं?"

"बेंगळुरूचे एक इंजिनिअर. मुलाकडे परदेशी निघालेत, घर आवरत होते. बिस्किटांच्या डब्यात जुन्या पेनांबरोबर पडलेलं. सासऱ्यांनी दिलेलं म्हणे."

मुलगा त्याच्या दुसऱ्या लग्नातला. पण घड्याळाचं ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली. विकलं याचा राग नव्हता, विकावं माणसानं. पण अप्पा इकडे वर्षानुवर्षं म्हणत होते, त्यांच्या हातावर हाय, चालतंय. आणि ते डब्यात पडलं होतं, बंद.

"मला द्या," मी म्हटलं.

"डायल होऊन येऊ दे की."

"असंच द्या."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वास लागलाच. माझ्या हातावर त्या दिवशी काळ्या तबकडीचं, अगदी पातळ, क्वचित दिसणारं घड्याळ होतं, माझ्या सगळ्या खणातलं उत्तम. त्यावर त्यांचा जुना डोळा. ते नुसते हसून माझ्या मनगटाकडे बघत राहिले. मी बक्कल सोडलं आणि ते टेबलावर ठेवलं. पट्ट्याखालची माझी कातडी पांढरी होती. ती पाहून मला एकदम रडू आलं आणि मी पाणी मागितलं.

येलवालहून घरी येताना मी किती वेळा स्कूटर थांबवली त्याला सुमार नाही. पर्स उघडायची, रुमाल सोडायचा, ठिपका आहे ना बघायचं, पुन्हा निघायचं. मागून येणारे ट्रक हॉर्न देत होते. आनंद झाला होता, पण त्याच्यापाठोपाठ धास्तीही आली होती. अप्पांना सांगायचं काय? खरं सांगितलं, की जावयानं हे डब्यात टाकलं होतं, हेही सांगावं लागणार. लग्नाच्या मांडवात हसत हसत जे हातावरून काढून दिलं, त्याची अशी किंमत झाली, हे त्या म्हाताऱ्या माणसाला कशाला कळायला हवं? घरापर्यंत येता येता मी गोष्ट रचली. बेट्टदपुरचा एक तंबाखूचा व्यापारी, त्याच्या वडिलांचं घड्याळ, मुलांना नको होतं. बेट्टदपुर मी एवढ्यासाठी निवडलं, की तिथं आमचं कुणी नाही.

अप्पा व्हरांड्यातच होते. मी चप्पल न काढता घड्याळ त्यांच्या हातात दिलं आणि बेट्टदपुरची गोष्ट एका दमात सांगून टाकली. चावी मी वाटेतच दिली होती. त्यांनी डोळे मिटले, घड्याळ कानाला लावलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग डोळे उघडून तबकडीकडे बघितलं. त्यांचा अंगठा काचेवर फिरला.

मी श्वास रोखून उभी होते. म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते.

"चांगलं हाय," अप्पा म्हणाले. "पण ते न्हवं."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "अप्पा, डाग बघा. आठाजवळ."

"डाग काय, कुठल्याबी घड्याळाला पडतोय. ते त्यांच्या हातावर असंल की." मग घड्याळ माझ्याकडे देत त्यांनी विचारलं, "बेट्टदपुरला कुणाच्या घरी म्हणालीस?"

"तंबाखूवाले."

"हं. चांगली माणसं असतील. जपलंय."

मी आत गेले आणि घड्याळ खणात टाकलं. हो, टाकलं. इतकी वर्षं, इतके रविवार, आणि "ते न्हवं"! वय झालं, मी स्वतःला समजावलं. कान गेले, नजर गेली, आठवण गेली. पण हेच अप्पा माझ्या चौथीतल्या बाईंचं माहेर कुठलं ते सांगत होते. मग काय झालं होतं? पुढचे काही आठवडे मी नुसती घरातून इकडे तिकडे फिरत होते. दोनदा ठरवलं, सगळं खरं ओकून टाकायचं. एकदा सुरुवातही केली.

"अप्पा, ते घड्याळ मला बेट्टदपुरला नाही, येलवालला..."

"फाटकाशी दूधवाला आलाय बघ," अप्पा म्हणाले.

फाटकाशी कुणी नव्हतं. मी तिथं जाऊन, बघून, परत आले, तोवर त्यांनी पेपर तोंडासमोर धरला होता. रविवारी मी बाहेर जायचं बंद केलं. जायचं कशासाठी? जे शोधत होते ते खणात पडलं होतं आणि ते ज्यांचं होतं ते म्हणत होते, हे ते नाही. बाहेर जाता येईना आणि घरात बसवेना. इतकी वाईट अवस्था माझी लग्न मोडलं तेव्हाही झाली नव्हती.

अशात दसरा आला. खंडेनवमीला सकाळी मी स्कूटर धुतली, तिला माळ घातली. पाट मांडला. विळी, अव्वाचं शिवणयंत्र, अप्पांची रूळपट्टी, आणि माझी म्हणून प्रयोगशाळेतली एक परीक्षानळी. मधली जागा जावयाला घड्याळ दिलं त्या वर्षापासून मोकळीच असायची. अव्वानंही ती कधी भरली नव्हती. अप्पा अंघोळ करून पंचा गुंडाळून येऊन बसले. पाटाकडे बघितलं.

"ते बेट्टदपुरचं बी आण."

मी खणातून घड्याळ काढून आणलं. अप्पांनी ते स्वतःच्या हातानं पाटाच्या मधोमध ठेवलं, थोडं सरळ केलं. मी वाटीत कुंकू कालवलं. विळीला लावलं, यंत्राला लावलं. मग बोट पुन्हा बुडवून घड्याळाकडे नेलं.

"कडेला नको ग, आत उतरतंय!" अप्पा कळवळून म्हणाले. "किती वर्षं सांगायचं तुला!"

माझं बोट तिथंच राहिलं. मी तर आयुष्यात कधी घड्याळाला कुंकू लावलं नव्हतं. ते काम अव्वाचं होतं.

अप्पांच्याही ते लक्षात आलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. कापराची डबी उघडली, झाकण खाली पडलं, ते उचलायला उगाच वेळ लावला. त्यांनी पहिल्याच दिवशी, कानाला लावल्याबरोबर ओळखलं होतं. घड्याळ बाजारात आलंय म्हणजे कुणी आणलं, हेही त्यांना कळलं होतं. मी ते त्यांच्यापासून लपवत होते, आणि ते माझ्यापासून. ज्या माणसाबरोबर मी संसार मांडला, त्यानं हे असं टाकून दिलं, ते लेकीला कळू नये, म्हणून ते स्वतःच्या घड्याळाला नाही म्हणत राहिले होते. मला मोठ्यानं रडावंसं वाटलं आणि मी रडले नाही. बोटावरचं कुंकू मी बक्कलावर लावलं, काचेपासून लांब. कापूर पेटला. आम्ही आरती म्हटली, दोघांचेही सूर चुकत होते.

पुजलेलं आयुध त्या दिवशी वापरायचं नसतं, दुसऱ्या दिवशी दसऱ्याला उचलायचं. दसऱ्याच्या सकाळी मी कॉफी घेऊन आले, तर अप्पा पाटासमोर बसले होते. त्यांनी घड्याळ उचललं, पंचाच्या टोकानं बक्कल पुसलं, चावी दिली, कानाला लावलं. मग डावा हात माझ्यापुढे धरला.

"बांध," ते म्हणाले. "बेट्टदपुरचं बरं चालतंय."

मी पट्टा बांधायला गेले, तर तो शेवटच्या भोकातही सैल बसत होता. इतक्या वर्षांत त्यांचं मनगट केवढंसं झालं होतं. नवं भोक पाडायला दाभण हवं होतं. मी ते स्वयंपाकघरात शोधलं, अव्वाच्या यंत्राच्या खणात शोधलं, कपाटात शोधलं, साऱ्या घरात फिरले आणि एकदाचं सापडल्यावर परत आले. अप्पा हात तसाच पुढे धरून बसले होते.